रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला जाताय? आधी इम्पल्स लाइन बघायला शिका

डेटाशीटवरची ०.०७५ टक्के अचूकता वाचून ट्रान्समीटरवर (दाब मोजून सिग्नल पाठवणाऱ्या उपकरणावर) फार विसंबू नका. मापन बहुधा बिघडतं ते पाइप आणि ट्रान्समीटर यांच्यामधल्या नळीत, म्हणजेच इम्पल्स लाइनमध्ये.

ओरिफिस प्लेटवरचा, म्हणजे पाइपात बसवलेल्या भोकाच्या चकतीवरचा फ्लो घ्या. चकतीच्या आधीचा (हाय) आणि नंतरचा (लो) दाब यांतला फरक म्हणजे डीपी; त्याच्या वर्गमुळावरून प्रवाह काढतात. डीपीची रेंज २५०० मिमी वॉटर कॉलम (पाण्याच्या स्तंभाची उंची). वायूच्या लाइनवर हाय बाजूच्या नळीत १०० मिमी पाणी साचलं, तर डीपीत ४ टक्के चूक. वर्गमुळामुळे प्रवाह शून्य असतानाही पडद्यावर २० टक्के दिसतो! पूर्ण प्रवाहाला तीच चूक जेमतेम २ टक्के होते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वायूला ट्रान्समीटर टॅपिंगच्या (पाइपावर नळी जोडतात त्या जागेच्या) वर बसवतात ते यासाठीच. द्रवाला आणि वाफेला खाली. नळीला मध्येच झोळ नको.

झिरो तपासण्याआधी कामाचं परमिट, लूप (आपोआप चालणारं नियंत्रण) मॅन्युअलवर, आणि ट्रिपचा, म्हणजे प्लांट आपोआप बंद करणारा ट्रान्समीटर असेल तर बायपासची लेखी परवानगी. मग तीन व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डवर लो बाजू बंद करा आणि इक्वलायझिंग (दोन्ही बाजू जोडून दाब सारखा करणारा व्हॉल्व्ह) उघडा. आता ४.०० मिलीअँपिअर, म्हणजे शून्याचा सिग्नल, यायला हवेत. परत चालू करताना आधी इक्वलायझिंग बंद, मगच लो उघडा. तिन्ही एकदम उघडे राहिले तर वाफेच्या लाइनवर नळीत भरलेलं कन्डेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) निघून जातं आणि डायफ्रॅमला, म्हणजे ट्रान्समीटरच्या दाब झेलणाऱ्या पातळ पडद्याला, थेट वाफ लागते.

झिरो बरोबर आला, तरी रीडिंग पटत नाही? मग दोष बहुधा नळीत आहे. ट्रिम करून, म्हणजे ट्रान्समीटरचा झिरो सरकवून, तो जाणार नाही. नळी ड्रेन करा, पण क्लोज्ड ड्रेनमध्येच (उघड्यावर न सोडणाऱ्या बंद निचऱ्यात). हायड्रोजन सल्फाइडच्या लाइनवर श्वसनउपकरणाशिवाय व्हेंट स्क्रूला पाना लावायचा नाही. या वायूने काही वेळातच नाक बधिर होतं, त्यामुळे वास येत नाही म्हणजे गळती नाही असं धरू नका.

डायफ्रॅमला सगळीकडे ३१६ एल स्टेनलेस चालेल हाही एक गोड गैरसमज. हायड्रोजनचे अणू पातळ डायफ्रॅममधून झिरपतात, आतल्या तेलात बुडबुडे होतात आणि झिरो हळूहळू सरकत राहतो. तिथे सोन्याचा मुलामा दिलेला डायफ्रॅम मागवतात. टँटलम इतर बऱ्याच आम्लांना पुरतं, पण हायड्रोफ्लोरिक आम्ल त्यालाही खातं, तिथे मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू). मेणचट क्रूडला नळीच नको, कॅपिलरीसह (तेल भरलेल्या बारीक नळीसह) डायफ्रॅम सील बरं.

स्फोटक क्षेत्रातल्या उपकरणाची पाटी वाचल्याशिवाय बदली करू नका. पाटीवर वायूचा गट असतो: हायड्रोजन आयआयसी गटात, इथिलीन आयआयबीत, प्रोपेन आयआयएत. टी४ म्हणजे पृष्ठभागाचं तापमान १३५ अंश सेल्सिअसच्या आत. फ्लेमप्रूफ (आतला स्फोट बाहेर पसरू न देणाऱ्या) डब्याचा एक बोल्ट कमी असला किंवा न वापरलेल्या केबल एन्ट्रीला प्रमाणित प्लग नसला, की तो डबा फ्लेमप्रूफ राहिला नाही. पावसाचं पाणीही तिथूनच शिरतं.