अक्कलदाढ काढल्यावर स्वतःला आणि कुंड्यांना कसं सांभाळायचं

पहिले 24 तास थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, जोरात चूळ पण नाही, कारण खड्ड्यात रक्ताची जी गुठळी बसते तिच्यामुळेच जखम भरते आणि ती निघाली की दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. गालावर बाहेरून बर्फ 20 मिनिटं लावा, 20 मिनिटं थांबा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच गुळण्या. खायला मऊ भात, वरण, दही, कोमट पेज. तिखट आणि दाणे नकोच.

आता बाग. वाकून कुंड्या उचलू नका, जोर पडून पुन्हा रक्त येऊ शकतं, पाणी घरातल्या कुणाला तरी घालू द्या. आपण खुर्ची टाकून नुसतं बघायचं, आणि खरं सांगते एरवी घाईत दिसत नाही ते तेव्हाच दिसतं, म्हणजे जास्वंदीवर मुंग्यांची रांग चढत असेल तर कळ्यांपाशी आणि पानांखाली मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) किंवा कापसासारखा पांढरा मिलीबग हा किडा शोधा, मुंग्या त्याच्या गोड चिकट रसासाठीच येतात. सापडला की कुणाला तरी पाण्याचा जोरदार फवारा मारायला सांगा. सूज 3 दिवसांनंतर वाढतच असेल किंवा ताप आला तर मात्र लगेच डेंटिस्टला फोन करा.