शाळकरी वयात पळायला लागलात? आठवडा आखताना या चुका टाळा

आमच्या गावच्या शाळेच्या ग्राउंडवर पहाटे साडेपाचला पंधरा-वीस मुलं-मुली जमतात. सातवीपासून बारावीपर्यंतची. निम्म्यांच्या डोक्यात पोलीस भरती नाहीतर अग्निवीर असतं, काहींना जिल्हास्तरीय स्पर्धा गाठायची असते, काहींना फक्त अंगात दम हवा असतो. त्यांच्यासोबत पळताना मला एक गोष्ट दरवर्षी दिसते आणि दरवर्षी तेवढाच जीव हळहळतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या पुढे असलेला मुलगा सहाव्या आठवड्यात ग्राउंडवर नसतो. त्यानं आळस केलेला नसतो. तो घरी नडगीला बर्फ लावून बसलेला असतो.

नववीतल्या अशाच एकानं मला त्याची वही दाखवली होती. दोनशे पानी, मागच्या बाजूनं पट्टीनं रकाने आखलेले. सोमवार 7.05. मंगळवार 7.02. बुधवार 7.10. गुरुवार 7.16. शुक्रवार 7.24. शनिवारच्या रकान्यात आकडा नव्हता, ‘पाय’ एवढंच लिहिलं होतं. तो रोज उठून 1600 मीटरचं टायमिंग लावत होता. त्या सहा ओळींत बहुतेक सगळ्या चुका आल्या आहेत.

रोज टायमिंग लावणं

पोलीस भरतीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर पळायचं असतं, म्हणून रोज तेवढंच आणि जीव तोडून पळायचं, असं मुलं गृहीत धरतात. पण रोज पेपर दिला म्हणून अभ्यास होत नाही. अभ्यास सावकाश पळण्यात होतो. सावकाश पळताना हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि हे सगळं शरीर न मोडता होतं.

अडचण अशी की दम लवकर वाढतो, हाडं मात्र सावकाश तयार होतात. दोन-तीन आठवड्यांत धाप कमी लागायला लागते आणि मुलाला वाटतं, आता आपण काहीही करू शकतो. हाडांना आणि कंडरांना (टाचेच्या वर मागे जाड दोरीसारखी लागते ना, ती कंडरा) भार पेलायला काही महिने लागतात. शाळकरी वयात तर हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा (जिथून हाड लांब होतं तो भाग) अजून मऊ असतात, ओढ तिथेच बसते.

मग सावकाश म्हणजे किती? सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आकड्यात सांगायचं तर आमचं ग्राउंड 200 मीटरचं आहे. 1600 मीटर सात मिनिटांत मारणाऱ्याची एक फेरी साधारण 52 सेकंदांची होते. त्यानं सावकाशच्या दिवशी तीच फेरी 75 ते 80 सेकंदांत मारावी. मुलांना याची लाज वाटते, शेजारून कुणी पुढे गेलं की पाय आपोआप उचलतो. तेव्हा स्वतःला आवरणं हाच त्या दिवसाचा सराव समजा.

आठवड्यात मोकळा दिवस नसणं

शरीर मजबूत होतं ते विश्रांतीत. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला आठवड्यातून तीन दिवस पळणं पुष्कळ झालं. आमच्याकडचा आठवडा असा असतो: मंगळवारी 20 ते 25 मिनिटं सावकाश. गुरुवारी तेवढंच, पण शेवटी सरळ पट्ट्यात 80-80 मीटरच्या चार-पाच मोकळ्या धावा (जरा वेगानं, पण जीव न तोडता), मध्ये चालत परत यायचं. रविवारी लांब, म्हणजे 30 ते 40 मिनिटं, जमलं तर मातीच्या रस्त्यानं. उरलेल्या दिवसांत खो-खो, कबड्डी, सायकल, बैठका, दोरीच्या उड्या. एक दिवस काहीच नाही. टायमिंग लावायचं ते तीन-चार आठवड्यांतून एकदाच.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते, त्यात आठवड्यातले किमान तीन दिवस दमवणारे आणि हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम असावेत. ही सगळी मिनिटं पळण्यातच घालायची नसतात. खेळणारं पोर पुढे चांगलं पळतं, हे माझं पक्कं मत आहे.

वेळ वाढवतानाही एका आठवड्यात एकाच दिवसाची वाढवा, तीही पाच मिनिटांनी. तीन आठवडे वाढवलं की चौथा आठवडा हलका घ्या.

घाई करणाऱ्यांना मी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं उदाहरण देतो. स्पर्धेतलं पळणं त्यानं सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर सुरू केलं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतलं. तुमचं वय चौदा असेल तर तुमच्याकडे वेळच वेळ आहे.

दुखतंय, पण कुठे ते न बघणं

‘पाय दुखतो’ एवढ्यावर थांबू नका, बोट ठेवून बघा.

नडगीच्या आतल्या कडेनं वीतभर पट्ट्यात ठसठस असेल तर भार पटकन वाढलाय. एक-दोन आठवडे पळणं थांबवा, सायकल चालवा, पोटऱ्यांचे व्यायाम करा, मग अर्ध्यापासून सुरू करा. पण अंगठा दाबल्यावर एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत कळ येत असेल, किंवा एका पायावर उडी मारताच ती कळ उठत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तिथे पळणं लगेच बंद करायचं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. वर सांगितलेल्या वहीतल्या मुलाचं हेच निघालं. शनिवारी थांबला असता तर थोडक्यात भागलं असतं. तो आणखी दहा दिवस पेनकिलर घेऊन पळत राहिला, म्हणून त्याला दोन महिने बसावं लागलं. गोळी घेऊन पळू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. गोळीनं कळ दबते, तडा तिथेच राहून वाढतो.

गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांची टाच मागून दुखणं, ही दोन्ही वाढीच्या वयातली नेहमीची दुखणी आहेत. उंची झपाट्यानं वाढत असताना ती हमखास डोकं वर काढतात. उड्या आणि वेग कमी केला की बहुतेकदा शांत होतात, लंगडावं लागत असेल तर दाखवून घ्या.

बरगडीखाली चमक भरते ती बहुधा पोटभर खाऊन किंवा गटागटा पाणी पिऊन पळाल्यामुळे. वेग कमी करा, खोल श्वास सोडा, जाते.

पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात किंवा शिट्टीसारखा श्वास वाजला, तर मात्र त्याच दिवशी घरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका.

आणखी एक बारीकशी गोष्ट. छोट्या ग्राउंडवर सगळे एकाच बाजूनं फेऱ्या मारतात, त्यामुळे वळणावर सगळा भार त्याच पायावर त्याच तऱ्हेनं येतो. दिवसाआड दिशा बदला.

उपाशी पळणं आणि कमी झोपणं

सराव नीट चाललाय आणि तरी दोन आठवड्यांपासून पाय जड झालेत, असं कुणी म्हणालं की मी आधी झोप विचारतो. 13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पाचला ग्राउंड, हे गणित जुळत नाही. झोप झाली नसेल तर त्या दिवशी संध्याकाळी पळा.

मग विचारतो खाणं. पहाटे पळण्याआधी एखादं केळं किंवा दोन-तीन खजूर पुरतात. आल्यावर तासाभरात पोटात काहीतरी भरीव जाऊ द्या: भाकरी-उसळ, अंडी, दूध-पोहे, शेंगदाणे-गूळ. पावडरच्या डब्यावर पैसे घालवू नका.

मुलींशी, आणि त्यांच्या आयांशी, वेगळं बोलायला हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींमध्ये रक्त कमी असल्याचं आढळलं होतं. जी मुलगी लवकर थकते तिला ‘मनावर घे’ म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. पालेभाजी, मटकी, हळीव खाण्यात असू द्या, वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा देऊ नका, चहामुळे लोह अंगी कमी लागतं. वजन उतरवायला जेवण कमी करून पळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पळायला लागल्यापासून पाळी तीन महिने आली नाही तर ‘व्यायामानं होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका. शरीराला अन्न पुरत नसल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

राहिलेलं थोडं

बूट महागच हवेत असं नाही, पण शाळेचे कडक तळव्याचे बूट नकोत. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी आणि तळवा झिजून एका बाजूला कलला की बदला. थंड अंगानं ताणण्याचे व्यायाम करण्याऐवजी आधी पाच मिनिटं चाला, गुडघे उचला, पाय झुलवा. ताणणं शेवटी. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, सातच्या आत सराव संपवा. अंधारात रस्त्यावर पळावं लागलंच तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळा, फिक्या रंगाचे कपडे घाला आणि कानात काही घालू नका.

दहावी-बारावीच्या परीक्षेत सगळंच बंद करतात, तीही चूकच. आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं पळालात तरी बराचसा दम टिकतो, डोकंही मोकळं होतं. तेवढंही जमलं नाही आणि महिनाभर खंड पडला, तर जिथे सोडलं तिथून उचलू नका. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, असं दहा वेळा करा. वहीत टायमिंगच्या शेजारी आणखी दोन रकाने आखा: रात्री किती झोपलो आणि कुठे दुखतंय. तिसरा रकाना सलग दोन दिवस भरला, तर त्या दिवशी ग्राउंडवर या, पण पळू नका. दुसऱ्यांच्या फेऱ्या मोजा.