पेशंटला रेटून सरळ बसवू नका

न्यूरो फिजिओथेरपीला, म्हणजे मेंदू-नसांच्या पेशंटच्या व्यायामोपचारांकडे, नुकत्याच आलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. स्नायूंचा ताठरपणा मोजायची ॲशवर्थ, तोल मोजायची बर्ग, स्ट्रोकनंतर हालचाल परत येण्याच्या ब्रनस्ट्रॉमच्या सहा पायऱ्या तुम्हाला पाठ असतील, त्यात जात नाही. मला ज्या एका गोष्टीने रडवलं ती मात्र सविस्तर सांगते, कारण इंटर्नशिपमध्ये ती मला कुणी दाखवली नव्हती.

वडोदऱ्यातली माझी पहिली नोकरी. दांडिया बाजारातले एक काका, मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक, डावं अंग गेलेलं. घरचे मराठी, म्हणून पेशंट माझ्याकडे आला. पलंगाच्या कडेला बसवलं की काका डावीकडे कलायचे. मी डावीकडे उभी राहून त्यांना उजवीकडे रेटायचे. जितकं रेटीन तितके ते उजव्या हाताने गादी दाबून उलट डावीकडे जोर करायचे. "पडतोय गं मी, सोड!" म्हणून ओरडायचे. "काका, सरळच बसलाय तुम्ही," असं मी दहादा सांगायचे. दहा-बारा दिवस ही झटापट चालली. माझी कंबर धरली, आणि फाइलमध्ये मी लिहिलं, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ ते वाक्य मला अजून टोचतं.

काका पुशर होते. पॅट्रिशिया डेव्हिस या फिजिओथेरपिस्टने १९८५ मध्ये हे लक्षण नीट मांडलं. नुसत्या अशक्तपणाने कलणारा पेशंट पडायला लागला की चांगल्या हाताने काहीतरी धरून स्वतःला सावरतो, तुम्ही आधार दिलात तर घेतो. पुशरचं उलटं. तो लुळ्या बाजूला कलतो, चांगला हात-पाय बाहेर ताणून त्याच बाजूला स्वतःला ढकलतो, आणि सरळ करायला गेलात की विरोध करतो. तिन्ही गोष्टी तपासा, पहिल्याच दिवशी तपासा. आपलं शरीर सरळ आहे की नाही, याचा त्याचा आतला अंदाज बिघडलेला असतो. तुम्ही मधोमध आणलंत की त्याला खरोखर चांगल्या बाजूला कोसळल्यासारखं वाटतं. पडणारा माणूस जीव खाऊन अडवणारच. तुम्ही दिलेला प्रत्येक धक्का त्याची भीती वाढवतो.

पण डोळ्यांना दिसणारं उभं-आडवं बहुतेक पुशरांचं शाबूत असतं. आमच्या सीनियर मॅडमनी तेच वापरलं. त्यांनी काकांचा उजवा हात गादीवरून उचलून मांडीवर उताणा ठेवला, म्हणजे ढकलायला जागाच उरली नाही. समोर दाराची चौकट होती. "काका, ती चौकट उभी आहे ना? मग तुम्ही तिच्याशी जुळताय का बघा." काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मी वाकडा आहे." मग त्यांच्या उजवीकडे भिंत येईल असं बसवलं आणि मॅडम म्हणाल्या, "आता उजवा खांदा भिंतीला टेकवा." गेले, स्वतःहून गेले. मॅडमचा हात त्यांच्या पाठीशी नुसता होता. मी बाहेर जिन्यात जाऊन रडले.

पुढे उजवीकडे स्टूल, त्यावर चहाचा कप, किल्ल्या, पेपर. घ्यायला तिकडे झुकायचं आणि परत चौकटीशी जुळायचं. रोज हेच, कंटाळा येईपर्यंत. घाबरू नका, पुशिंग बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं, सहा महिन्यांनंतर क्वचितच उरतं.

वीकेंडच्या सर्टिफिकेटांवर माझा विश्वास नाही. दोन दिवसांत हात तयार होत नाहीत. जे सर किंवा मॅडम तुमचा हात आपल्या हाताखाली ठेवून पेशंटचं वजन सरकताना जाणवू देतात, त्यांच्याकडे कमी पगारावरही राहा. एका पद्धतीची भक्तीही नको. बोबाथ पद्धत ज्यांच्या नावाने चालते त्या बर्टा आणि कारेल बोबाथ यांनी लंडनमध्ये काम उभं केलं आणि लुळ्या बाजूकडे बघायला आपल्याला शिकवलं, हे ऋण मोठं आहे. तरी रिफ्लेक्सवर उभारलेलं त्यांचं तेव्हाचं स्पष्टीकरण आज कुणी तसंच्या तसं मानत नाही.

नातेवाईक पहिल्या दिवसापासून विचारतील, "बेन, हाथ क्यारे चालशे?" (ताई, हात कधी चालेल?) आणि पेशंटच्या मुठीत रबरी चेंडू कोंबतील. त्यांना समजवा. उभ्याने हात वर करून दाखवा. हात उचलायच्या क्षणभर आधीच आपले पाय आणि धड तयार झालेले असतात. धड तयार नसेल तर हाताने काय करायचं? मी सुरुवातीला नातेवाइकांच्या दबावाखाली हातावर वेळ घालवला, तो वाया गेला. आणि लुळ्या हाताला धरून, काखेत हात घालून उठवणं घरात पहिल्याच दिवशी बंद करा. खांदा निखळायला लागला की पुढे सगळंच अवघड होतं.

घरी जाऊन बघाच. आपल्याकडे दिवाणखान्यात झोपाळा असतो आणि घरचे प्रेमाने पेशंटला त्यावर बसवतात. पुशरच्या बुडाखालची जागाच हलली तर तो आणखी जोराने ढकलणार. काकांच्या मुलाने दोरीने साखळ्या खालच्या बाजूला घट्ट बांधून झोपाळा पक्का केला. चार महिन्यांनी मी गेले तेव्हा काका त्यावर बसून चहा पीत होते, कप उजव्या हातात आणि डावं पाऊल जमिनीवर टेकलेलं. दोरी अजून सोडली नव्हती.