विंडोज ११ टाकायचं का? आधी टेबलाखाली वाका

आमच्या मामांचं मिरजेला लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं असलं डीटीपीचं दुकान आहे, आणि गेलं वर्षभर दर चार-आठ दिवसांनी त्यांचा फोन येतो, "अरे, ते अकरा टाकायचं का रे आता?" मी दरवेळी "बघतो मामा" म्हणून वेळ मारून नेत होतो. शेवटी एका रविवारी दुकानात जाऊन बसलोच. त्याआधी ताईचा लॅपटॉप करून झाला होता आणि बाबांचा जुना डबडा राहिला होता, म्हणजे तीन मशीन, आणि उत्तरं निघाली तीन वेगळी. काय काय बघितलं, कुठे आपटलो ते सलग लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे घाई किती आहे ते समजून घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संपला म्हणजे पीसी बंद पडत नाही, सगळं कालच्यासारखंच चालतं, आणि गोम तिथेच आहे, काही बिघडत नाही म्हणून माणूस निवांत राहतो. बंद झाले ते दर महिन्याला येणारे सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट. "अँटीव्हायरस आहे की" म्हणणारे बरेच भेटतात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर १० वर २०२८ पर्यंत अपडेट मिळवत राहणार हे खरं आहे, पण तो झाला वॉचमन, भिंतीला पडलेलं भोक तो बुजवत नाही. मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा त्या भोकाचा पॅच मार्चमध्येच येऊन पडलेला होता, दोन महिने आधी, आणि आडवी झाली ती मशीनं पॅच न टाकलेली.

तरी आजच्या आज काही करायची गरज नाही, कारण मुदतवाढ मिळते. तिचं नाव ईएसयू, घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट देतात, सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात चालू केला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. अट दोनच, खातं पाहिजे आणि विंडोज १० चं शेवटचं व्हर्जन २२एच२ पाहिजे. विंडोजचं बटण आणि आर दाबून विनव्हर टाइप करा, लगेच कळेल कोणतं आहे ते. एका खात्यावर १० मशीन चालतात, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं एकदमच उरकून घ्या. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला हे चालत नाही, त्यांची वेगळी पैसे भरून योजना आहे, ते तुमच्या आयटीवाल्याचं डोकं.

आता मुद्द्याचं. सगळे आधी प्रोसेसर बघतात, मी आधी टेबलाखाली वाकतो. कंप्युटरला मागून काय काय लटकलंय ते एका कागदावर लिहा, प्रत्येक वायर हातात धरून लिहा, हसू नका. मामांच्या टेबलाखाली निघालं ते असं: एक लेझर प्रिंटर, एक स्कॅनर ज्याची सीडी कधीच हरवलेली, जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन, आणि मराठी फॉन्टच्या पॅकेजचं डोंगल (लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणारी छोटी चावी), ते २००९ चं, वर सेलोटेप गुंडाळलेलं कारण मागे एकदा कोणीतरी पेनड्राइव्ह समजून खिशात घालून नेलं होतं. मामा म्हणाले, "ते तेवढं हलवू नको, दुकान त्याच्यावर उभं आहे." आणि शब्दशः खरं आहे ते, डोंगल नसेल तर फॉन्टचा कीबोर्डच चालत नाही, मग पत्रिका कसली आणि पावतीपुस्तक कसलं.

या प्रत्येक वस्तूचा ड्रायव्हर (ती वस्तू विंडोजला ओळखू देणारं सॉफ्टवेअर) विंडोज ११ साठी निघालाय का ते कंपनीच्या साइटवर बघा. आणि एक चाचणी तर १० वर बसूनच करता येते जी फार कोणी सांगत नाही, विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटीत जा, तिथे कोअर आयसोलेशनच्या आत मेमरी इंटिग्रिटी नावाचं बटण असतं. ते चालू करायला गेलं की विंडोज सगळे ड्रायव्हर तपासतं आणि जुनाट असतील त्यांची यादी समोर टाकतं, फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट एसवायएस असतं. नवीन मशीनवर विंडोज ११ मध्ये हे संरक्षण बहुतेक आधीच चालू असतं, म्हणजे इथे जो ड्रायव्हर अडकला तो तिथे त्रास देणार असं धरून चला. मामांकडे यादीत एकच नाव आलं, डोंगलचं. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर तयारच होतं, नवीन व्हर्जन घ्या.

मामांचं म्हणणं पडलं की मग नवीन पीसीच घेऊ, कटकट नको. पण नवीन पीसी येणार तो ११ घेऊनच येणार आणि डोंगल तेच राहणार ना! म्हणून म्हणतो टेबलाखाली आधी वाका, तिथलं जे सगळ्यात जुनं आहे तेच तुमचा निर्णय घेतं, बाकी आपण फक्त सही करतो.

त्यानंतर मशीन. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप आहे ते चालवा, हो की नाही सांगतं आणि नाही असेल तर का तेही सांगतं. ढोबळ हिशोब असा की इंटेलची आठवी जनरेशन आणि पुढे, एएमडी असेल तर रायझन २००० सिरीज आणि पुढे, त्याच्या मागचं जवळपास सगळं बाद. मामांचा आय५ सहाव्या जनरेशनचा, सुटला विषय. ताईचा आय३ दहाव्या जनरेशनचा, तो पास व्हायला हवा होता पण ॲप नाही म्हणालं, कारण टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी चिप) सापडलं नाही. असं झालं तर लगेच हार मानू नका, टीपीएम बऱ्याचदा असतं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेलं असतं. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम अशा नावाने शोधा, चालू करा, सेव्ह करून बाहेर या, मग टीपीएम डॉट एमएससी चालवून खात्री करा. सिक्युअर बूटचंही (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) तसंच. फक्त बायोस मोड लेगसी असेल तर (एमएसइन्फो३२ मध्ये दिसतो) आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलून घ्यावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न उडवता करतं, पण बॅकअपशिवाय त्याला हात लावणं म्हणजे हेल्मेट डिकीत ठेवून गाडी चालवणं.

रॅम कागदावर ४ जीबी चालते, प्रत्यक्षात ४ वर ब्राउझरचे तीन टॅब उघडले की चहा करून या, आठ पाहिजेच. जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी टाका, ११ चं नंतर बघू, कदाचित त्या एसएसडीनंच समाधान होईल.

यूट्यूबवर बाद मशीनवरही ११ टाकायची युक्ती दाखवणारे खंडीभर व्हिडिओ आहेत. होतं तसं, मी करून बघितलंय, चालतं. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि २४एच२ व्हर्जन आलं तेव्हा फारच जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होईना कारण पॉपकाउंट नावाची सूचना (प्रोसेसरला समजणारी एक आज्ञा) त्या चिपमध्येच नव्हती. अपडेट मिळावेत म्हणून अपग्रेड करायचं आणि त्यांचीच हमी नाही, मग कशाला केलं सगळं. खेळायच्या मशीनवर करा, ज्यावर घर चालतं त्याच्यावर नको.

बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळे घेतातच, राहतं ते वेगळंच: टॅलीचा डेटा फोल्डर (तो सी ड्राइव्हवर कुठे पडलाय ते तुमच्या अकाउंटंटला विचारा), ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल (त्यात सगळे ईमेल असतात). आणि मराठी माणसासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फॉन्ट. जुने डीटीपी फॉन्ट युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) नाहीत, आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि वरून मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं, त्यामुळे फॉन्ट गेला की "श्री गजानन प्रसन्न" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस-चिन्हांची भेळ दिसते. वरच्यावर अपग्रेड केलं तर फॉन्ट बहुतेक जागेवर राहतात, पण फॉरमॅट मारून नवीन टाकलं किंवा मशीनच बदललं तर जातात. म्हणून फॉन्ट्स फोल्डर आख्खा कॉपी करून ठेवा, आणि नेहमी लागणाऱ्या फाइलींची पीडीएफ काढून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो. मामांच्या पेजमेकर ७ मधल्या, म्हणजे २००१ च्या सॉफ्टवेअरमधल्या, शेकडो पत्रिका आहेत. आम्ही रोज दहा-बारा पीडीएफ करतोय, मामी म्हणतात एवढ्यात नवीन पत्रिका टाइप करून झाल्या असत्या.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. यावर दोन मिनिटं जास्त थांबा कारण मी इथेच आपटलो. ताईच्या लॅपटॉपवर ११ गेलं, सगळं झकास, मग मी हौसेने बायोसही अपडेट केला आणि रीस्टार्टला निळा स्क्रीन, ४८ आकडी रिकव्हरी की द्या. डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे हे ना तिला माहीत ना मला. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते हे मला ठाऊक होतं, पण खातं कुठलं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने तिथल्या तिथे उघडून दिलेलं, ईमेल कोणालाच आठवेना. दोन तास ताई माझ्याकडे बघत होती आणि मी भिंतीकडे, त्यात भाच्याचा दहावीचा प्रोजेक्ट त्याच लॅपटॉपवर. शेवटी तिच्या जुन्या मोबाइल नंबरवर कोड येऊन खातं उघडलं, की सापडली. तेव्हा काहीही सुरू करायच्या आधी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, असेल तर की खात्यातून काढून कागदावर लिहा, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवू नका (हो, असं करणारे आहेत), आणि बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा.

दिवस कोणता निवडायचा हेही तयारीतच धरा. जीएसटी भरणाऱ्यांनी महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा, नेमकं त्याच दिवशी टोकन ओळखायचं बंद होतं, हा माझा अनुभव आहे, विज्ञान नाही. डाउनलोड पाच-सहा जीबीचं होतं तर मोबाइलचा डेटा बघून बसा, सी ड्राइव्हवर पंचवीस-तीस जीबी मोकळी ठेवा, आणि लाइट जायची वेळ तुमच्या गावात ठरलेली असेल तर ती चुकवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर शेजारच्याचा मागून आणा.

टाकून झाल्यावर पहिल्याच दिवशी टेबलाखालचा तो कागद काढा आणि एकेक वस्तू चालवून टिक करा. प्रिंट काढा, तेही मराठीत, रफार आणि जोडाक्षरं जागेवर आहेत का नीट बघा, टोकन लावून एक सही करून बघा. नाही जमलं तर मागे जाता येतं, पण १० दिवसांतच, सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत गो बॅक. मुदत वाढवायची असेल तर त्या १० दिवसांच्या आत कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून विंडोजमधल्याच डिझम नावाच्या टूलच्या कमांडने ६० दिवसांपर्यंत करता येते. मात्र विंडोज डॉट ओल्ड फोल्डर (जुनं विंडोज त्यातच असतं) तोपर्यंत उडवायचा नाही, घरात एक तरी क्लीनर चालवणारा भाऊ असतो, त्याला आधीच सांगून ठेवा. घरातल्या मोठ्यांसाठी स्टार्टचं बटण डावीकडे सरकवून द्या आणि राइट क्लिकमध्ये नेहमीचा ऑप्शन दिसला नाही तर "शो मोअर ऑप्शन्स" दाबायचं हे दाखवा, निम्मे फोन कमी होतात.

तर आमचं ठरलं ते असं. ताई ११ वर, खूश आहे. बाबांच्या डबड्यात ४ जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क, त्यांना लागतं काय तर यूट्यूबवर कीर्तन आणि पेपर, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. तीन दिवस कुरकुर केली, आता विचारतही नाहीत. बँकेचं मात्र त्यांनी मोबाइलवरच करायचं, हे आधीपासूनच आहे.

मामांचं मशीन ईएसयूवर टाकलंय. डोंगलचं नवीन व्हर्जन आणि नवीन पीसी दोन्ही एकदमच घ्यायचे, जुना पीसी नेट काढून जुन्या फाइली उघडायला तसाच कोपऱ्यात ठेवायचा. आता प्रश्न उरला कधी. लग्नसराईत शक्य नाही, श्रावणात गणपती मंडळांची पावतीपुस्तकं असतात, दुकान खरं ओस असतं ते पितृपक्षात, आणि २०२६ चा पितृपक्ष १० ऑक्टोबरला संपतो, ईएसयूची तारीख १३. मी म्हटलं मामा, याच्यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. मामा म्हणाले, "पितृपक्षात नवीन मशीन? मामीला तू सांग."