अकरावी-बारावीला तिन्ही सायन्स एकत्र शिकवायचंय? लोणार घ्या

बुलढाण्यातलं लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, त्याचे फोटो दाखवायचे, "का झालं असेल?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. पोरं शेवाळ म्हणतील, प्रदूषण म्हणतील, म्हणू देत. मग माहिती थोडी थोडी सोडायची, पाणी खारट आणि अल्कलाइन, उन्हाळ्यात आटलं की खारटपणा वाढतो, आणि सँपल काही दिवस ठेवल्यावर रंग तळाशी बसून पाणी नितळ झालं. हॅलोआर्किया (खूप खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंग देणारे सूक्ष्मजीव) हे नाव नाही आलं तरी "काहीतरी जिवंत आहे" इथपर्यंत पोरं येतातच. अल्कलाइन म्हणजे काय ते कळावं म्हणून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकून लाल झालेली वर्गातच दाखवा. हे सरोवर उल्का आदळून झालेल्या विवरात आहे, तो भाग मात्र शेवटी घ्या, नाहीतर अख्खा तास त्यातच जातो.