दहावीला नवीन गणित शिकवणाऱ्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कुलात लागलो, त्या पहिल्या वर्षी जानेवारीपासून मी दर शनिवारी एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्डाचा, सराव पेपर घ्यायचो. तपासायचा, लाल शाईनं गुण टाकायचे, की पुढचा पेपर. मार्च आला तरी पोरं होती तिथंच.

एक दिवस हेडमास्तर येऊन मागच्या बाकावर बसले. माझ्या शिकवण्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं, शेजारच्या पोरीचे पेपर चाळत होते. तास सुटल्यावर म्हणाले, "सर, हिनं थेल्सचं प्रमेय तिन्ही पेपरांत कोरं सोडलंय. का ते विचारलंत?"

नव्हतं विचारलं. पोरीला आकृती येत होती, पक्ष, साध्य, रचना सगळं पाठ होतं. सिद्धतेत मधेच अडायची म्हणून पानच कोरं ठेवायची. अर्धवट उत्तरालाही पायरीपायरीनं गुण मिळतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मी.

आता महिन्याला एकच पेपर घेतो. दुसऱ्या दिवशीचा अख्खा तास त्याच पेपरावर. प्रत्येक चुकीसमोर पोरानं स्वतः लिहायचं: प्रश्न कळला नाही, सूत्र आठवलं नाही, आकडेमोड चुकली की वेळ पुरला नाही. एकाच प्रश्नाला अर्धा वर्ग घसरला असेल तर माझं शिकवणं चुकलंय, तो भाग पुन्हा घ्यायचा. दोघं-तिघंच असतील तर दुपारच्या जेवणानंतर जवळ बसवायचं. कच्च्या पोरांना आधी बहुपर्यायी आणि एकेका गुणाचे प्रश्न पक्के करून द्या. 80 पैकी 16 गुण तिथंच आहेत. पेपर वाचायला मिळणारी 15 मिनिटं कशी वापरायची, याचीसुद्धा वर्गात तालीम लागते, नाहीतर पोरं तेवढा वेळ घाम पुसत बसतात.

आपल्या पोरांचं आणखी एक दुखणं म्हणजे कन्नड. बोलायला बाजारात येतं, लिहिताना जोडाक्षर अडतं, कारण कन्नडात दुसरं अक्षर खाली लटकतं. आमच्या कन्नडच्या बाई रोज पाचच शब्द फळ्यावर घेतात. पाचच! पण चुकवत नाहीत.

शिक्षकांनी पाच-सहा पोरं दत्तक घ्यायची पद्धत आपल्याकडं आहे. पहाटे फोन करून उठवतात. फोन उचलून पोरगं परत झोपतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा घरी जा, पोरगं अभ्यासाला कुठं बसतं ते बघा. एकाच्या घरी गेलो तर दिव्याखाली टीव्ही आणि टीव्हीसमोर सगळं घर.

जादा तास सकाळी घ्या. संध्याकाळी ठेवलात तर जांबोटीकडची पोरं फळ्याकडं बघतच नाहीत, शेवटची गाडी चुकेल म्हणून डोळे खिडकीबाहेर.