शेजारच्या कुत्र्याचे हाल बघवत नाहीत? तक्रारीच्या बाबतीत या चुका टाळा

मे महिन्यात नांदेड-परभणीकडं पारा 42-43 अंशांवर गेला की बैल, म्हशी सावलीला बांधल्या जातात. साखळीतल्या कुत्र्याकडं मात्र कुणाचं लक्ष जात नाही. शेजारच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडला किंवा शेतातल्या आखाड्यावर (गोठ्याच्या जागी) ते दिवसभर तसंच असतं. आपला जीव तुटतो आणि प्रश्न पडतो, तक्रार करावी का? शेजार आहे, भावकी आहे, उद्या त्याच माणसाच्या बांधावरून जायचं आहे.

माझं मत आधीच सांगते. मालक कसा माणूस आहे याचा निवाडा करत बसू नका. कुत्र्याला आज त्रास होतोय का, आणि सांगितल्यावर मालक तो थांबवू शकतो का, एवढं बघा. लोक चुकतात ते हे दोन प्रश्न सोडून बाकी सगळ्याचा विचार केल्यामुळं.

बारीक आहे म्हणजे उपाशीच आहे, असं धरणं

लातूर-उदगीर भागात पश्मी आणि कारवानी कुत्री पाळतात. खोल छाती, आत ओढलेलं पोट ही त्यांची ठेवणच आहे. चांगलं खाऊन-पिऊन असलेल्या कारवानीच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात. खरी उपासमार वेगळी दिसते: कंबरेची हाडं टोकदार वर आलेली, पाठीचे मणके लांबून मोजता येतील असे, मांडीचं मांस गेलेलं. तेव्हाही कारण आजार असू शकतो. जंत, गोचीड ताप, म्हातारपणी मूत्रपिंडाचा त्रास, यात पोटभर खाऊनही कुत्रं खंगतं. औषधपाणी चालू असेल तर तक्रारीचं कारणच उरत नाही.

उलट, अंगानं भरलेल्या कुत्र्याचेही हाल असू शकतात. सगळ्यात जास्त नजरेतून सुटतो तो गळ्यातला पट्टा. पिल्लू असताना बांधलेली दोरी वाढत्या वयात कुणी सैल करत नाही. ती हळूहळू कातडीत रुतते. केसांमुळं जखम दिसत नाही, पण माशा मानेभोवतीच घोंगावतात, जवळ गेलं की कुजका वास येतो, कुत्रं मान वळवताना अख्खं अंग वळवतं. पुढं त्यात अळ्या पडतात. ही अवस्था दिसली तर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणू नका.

एका नजरेत निकाल लावणं, नाहीतर नुसतंच बघत राहणं

दुपारी रिकामं दिसलेलं भांडं सकाळी भरलेलं असू शकतं. म्हणून वेगवेगळ्या वेळी, दोन-चार दिवस बघा. घरातली परिस्थितीही बघा. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली किती तरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, मागं म्हातारी माणसं राहतात. जिला स्वतःला टँकरवरून घागर आणणं होत नाही, त्या आजीच्या नावानं पोलिसात अर्ज देऊन कुत्र्याच्या तोंडाला पाणी लागणार नाही. तिथं रोज एक तांब्या पाणी आणि चतकोर भाकरी तुम्हीच नेऊन द्या.

पण काही गोष्टींत थांबायचं नसतं. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांतून येतो. अंग थंड ठेवायला ते धापाच टाकतं, आणि त्यातच पाणी गमावतं. भर उन्हात पाण्याविना बांधलेलं कुत्रं जोरात धापा टाकतंय, घट्ट लाळ गाळतंय, लटपटतंय किंवा निपचित पडलंय, तर ते काही तासांतच जाऊ शकतं. मालकाला लगेच हाक मारा, सावलीत घ्यायला लावा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका. मालक ऐकत नसेल किंवा मारहाण चालू असेल, तर सरळ 112 ला फोन करा.

बोलणं टाळणं, किंवा भांडायच्या तयारीनं जाणं

तातडी नसेल तर आधी बोला. ‘तुम्हाला कुत्रं पाळता येत नाही’ असं सुरू केलं की दार बंद झालंच म्हणून समजा. ‘अण्णा, मोत्याच्या अंगावर दुपारी ऊन यायलंय. दोन पोती बांधून देऊ का सावलीला? पाणी मी ठेवत जाईन’ असं म्हटलं तर बहुतेक माणसं ऐकतात. आखाड्यावर सालगड्याशीही बोला, कारण भाकरी टाकणारा तोच असतो. साखळी लांब करणं, रात्री मोकळं सोडणं हे त्याच्याच हातात असतं. ज्या घरात माणसांनाही मारहाण होते, तिथं मात्र एकट्यानं समजावायला जाऊ नका.

रात्री जाऊन सोडवून आणणं

कायद्यानं कुत्रं मालकाचं आहे. न विचारता नेलंत तर चोरीची तक्रार तुमच्यावरच होईल. शिवाय घाबरलेलं, दुखावलेलं कुत्रं चावतं. चावलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा.

आधी ग्रुपवर व्हिडिओ टाकणं

मालकाला कळतं, कुत्रं दुसऱ्या शेतात हलवलं जातं, आणि अधिकारी येतो तेव्हा दाखवायला काही नसतं. फोटो रस्त्यावरून किंवा स्वतःच्या गच्चीवरून काढा आणि स्वतःजवळ ठेवा.

मोघम तक्रार, तीही चुकीच्या अपेक्षेनं

‘कुत्र्याचा छळ करतात’ एवढं लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. असं लिहा: ‘12, 13 आणि 15 मे रोजी दुपारी 1 ते 3 कुत्रा पत्र्याच्या शेडबाहेर अंदाजे तीन फूट साखळीनं बांधलेला होता. सावली नव्हती. भांडं तिन्ही दिवस कोरडं होतं. मानेवर जखम आहे. 13 तारखेला मालकाशी बोललो, फरक पडला नाही. फोटो जोडले आहेत.’ जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. जुना बांधाचा वाद त्यात आणलात की अर्जाची किंमत गेली.

प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा 1960 चा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, फार आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हे सगळं गुन्हा ठरतं. दंड मात्र पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये. तीन वर्षांत पुन्हा केलं तर 25 ते 100 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुर्लक्षाचा हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत; म्हणून ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली तर नाउमेद होऊ नका. तिची प्रत मागून घ्या. विष घालणं, ठार मारणं, लुळंपांगळं करणं याला भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 1960 च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. ‘पावसाळा संपू द्या’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मला स्वतःला पोलिसांआधी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जास्त उपयोगी वाटतो. पशुधन विकास अधिकाऱ्यानं कुत्रं तपासून चार ओळी लिहिल्या, तर पुढचं सगळं सोपं होतं, आणि गावात डॉक्टरांचा शब्द सहसा कुणी मोडत नाही. अर्जाची एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीच्या नावानं द्या, प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. आजार अवघड असेल तर परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत उपचार होतात.

मालक ‘घेऊन जा’ म्हणाला की तसंच नेणं

असं बरेचदा होतं. त्याला कुत्रं खरंच जड झालेलं असतं. तरीही कागदावर दोन ओळी लिहून सही घ्या: कुत्रा स्वखुशीनं देत आहे, तारीख, नाव. साक्षीला शेजारचं कुणी असू द्या. कुत्रं धट्टंकट्टं झाल्यावर ‘आमचं आम्हाला द्या’ म्हणत लोक येतात. कागद झाला की घरी नेण्याआधी दवाखान्यात न्या, रेबीजची लस आणि जंताचं औषध द्या, आणि घरात दुसरं कुत्रं असेल तर सुरुवातीला दोघांना वेगळं ठेवा.